गाणं आपलं, चेहरा उसना : देडतलाईच्या डीजेपासून अकोल्याच्या क्रीमपर्यंत

देडतलाई (जि. बऱ्हाणपूर) : लग्नसराईत इथे रात्री डीजेपुढे अर्धा तास उभं राहिलं की चार भाषा कानावर पडतात. सुरुवात हिंदीने. मग 'गुलाबी साडी'. मग खान्देशी 'हाई झुमका वाली पोर'. आणि वऱ्हाडात कोरकू मंडळी जास्त असली की कुणीतरी पुढे होऊन आपला मोबाइल जोडतो आणि कोरकू गाणं लावतो. पोरं चारही भाषांवर तितक्याच जोरात नाचतात. बऱ्हाणपूरहून धारणीकडे जाणाऱ्या रस्त्यावरचं हे गाव. कागदावर मध्य प्रदेश, सोयरिकीत अर्धं मेळघाट, आणि आता फोनमुळे गाण्यात सगळं एकत्र.

नाच थांबला की दुसरं काम सुरू होतं. मुली मंडपाच्या मागच्या बाजूला ट्यूबलाइटखाली जमतात आणि आत्ताच काढलेला व्हिडिओ उघडतात. आधी गाणं निवडायचं, मग फिल्टर. गाणी बदलून बदलून लावून बघतात, फिल्टर मात्र ठरलेला असतो. नाक बारीक, डोळे मोठे, हनुवटी टोकदार, रंग दोन-तीन छटा उजळ. फिल्टरशिवायचा फोटो कुणी पुढे केला तर "हा खराब आलाय" म्हणतात. खराब म्हणजे काय? तर पोरगी जशी आहे तशी आलीय.

धारणीकडची माझी एक भाची यंदा सोळा वर्षांची झाली. तिने मला असे दोन फोटो शेजारी शेजारी दाखवले आणि विचारलं, "मामा, यातली मी कोणती?" गंमत म्हणून विचारलं होतं. मला पटकन उत्तर देता आलं नाही, कारण पहिल्या फोटोतली मुलगी मी ओळखलीच नव्हती.

इंटरनेटमुळे पोरं बिघडली, असा लेख लिहायला सोपा असतो आणि तो दर महिन्याला कुठे ना कुठे छापून येतो. तो इथे लिहायचा नाही, कारण निम्मी गोष्ट चांगली आहे आणि ती आधी सांगायला हवी. फोनने आपलं गाणं आपल्याला परत दिलं. पण गाण्याबरोबर यायला हवा होता तो आपला चेहरा काही दारातून आत आला नाही. आवाज जळगावचा, बोली खान्देशची, ठेका आपल्या बॅंडचा आणि रूप मात्र भलत्याच कुणाचं. या फटीत एक बाजार उभा राहिला आहे आणि तो आता डबीतून घरात शिरतो आहे.

गाणं घरी कसं आलं

वीस वर्षांपूर्वी खान्देशी किंवा अहिराणी गाणं रेकॉर्ड करायचं म्हणजे कॅसेटवाला शोधा, पैसे घाला, जत्रेत आणि बसस्टँडवर विका. कोरकूची तर तीही सोय नव्हती. २०११च्या जनगणनेत कोरकू बोलणारे सात लाखांहून जास्त नोंदले गेले, पण बाजाराच्या हिशेबात ही भाषा नव्हतीच. नंतर मोबाइलच्या दुकानात मेमरी कार्ड भरून मिळायला लागलं. दहा-वीस रुपयांत दोनशे गाणी. त्यात कलावंताला दमडी मिळत नव्हती, पण गाणं गावोगाव फिरायला लागलं. २०१६च्या सप्टेंबरात जिओ आलं, डेटा स्वस्त झाला आणि मेमरी कार्डवाल्याचं दुकान मोबाइल कव्हर विकायला लागलं.

मग जे झालं ते मुंबई-पुण्याच्या कंपन्यांना कळायच्या आत झालं. 'बबल्या इकस केसावर फुगे'सारखं गाणं लग्नाच्या बॅंडवर आणि यूट्यूबवर एकाच वेळी गाजलं. (शहरातल्या वाचकांसाठी : आपल्याकडे गळालेल्या केसांचा पुंजका देऊन त्याच्या बदल्यात फुगे देणारा फेरीवाला यायचा. ज्याला हे माहीत आहे त्यालाच त्या नावातली गंमत कळते, आणि तरीही ते नाव माहीत नसलेले लाखो लोक त्यावर नाचले.) 'हाई झुमका वाली पोर'ने तर अहिराणीला अशा घरांत नेलं जिथे अहिराणी म्हणजे काय हेच ठाऊक नव्हतं. २०२४च्या फेब्रुवारीत जळगाव जिल्ह्यातल्या संजू राठोड या बंजारा समाजातल्या तरुण गायकाचं 'गुलाबी साडी' आलं आणि काही महिन्यांत देशभरातल्या रील्सवर पोचलं. मराठी न कळणाऱ्यांनी ते म्हटलं.

हे छोटं यश नाही. मराठी मुलखाच्या या टोकाला, जिथे पुण्याची मराठीसुद्धा थोडी परकी वाटते, तिथल्या बोलीला पहिल्यांदाच कुणाची परवानगी मागावी लागली नाही.

आता 'गुलाबी साडी'तली एक गोष्ट पाहा. गाण्यातली नायिका सजून बसली आहे आणि राजाकडे काय मागते आहे? जुन्या लावणीतली साडी मागायची, पैठणी मागायची, नथ मागायची. हिच्याकडे साडी आहेच. ती म्हणते, फोटो काढ. मला वाटतं या दशकातल्या गाण्यांपैकी इतकं खरं बोलणारं दुसरं गाणं नसेल. सजणं आता बघणाऱ्यासाठी राहिलं नाही, कॅमेऱ्यासाठी झालं. आणि कॅमेऱ्याचे स्वतःचे हट्ट असतात.

चेहरा कुठे अडला

आवाज एकाचा आणि चेहरा दुसऱ्याचा, ही आपल्याकडची जुनीच रीत. १९३५च्या 'धूप छांव'पासून हिंदी सिनेमात पार्श्वगायन सुरू झालं आणि गाणाऱ्याला पडद्यावर यायची गरज संपली. त्यात एक मोकळेपण होतं. रेडिओवर लता मंगेशकर ऐकताना आपल्या आज्यांनी आरशाकडे बघितलं नाही. कॅसेटच्या कव्हरवर एखादी नटी छापलेली असायची, पण तिचा गाण्याशी संबंध नाही हे पोरासोरांनाही ठाऊक असायचं. आमच्या शेजारच्या नेपानगरच्या कारखान्याचा कागद देशभरच्या वर्तमानपत्रांना जायचा. त्या कागदावर छापलेले सिनेमाचे फोटो इतके काळपट आणि पुसट यायचे की हिरो-हिरोइन सगळेच एका रंगाचे दिसायचे. त्या चेहऱ्याशी स्वतःची तुलना करणं शक्यच नव्हतं.

इंटरनेट आलं तेव्हा वाटलं होतं की आता गाणाऱ्याचा, नाचणाऱ्याचा खराच चेहरा दिसेल. थोडा काळ तसं झालंही. टिकटॉकच्या दिवसांत धुळे जिल्ह्यातल्या जामदे गावचं एक पारधी कुटुंब घराच्या अंगणात नाचून देशभर प्रसिद्ध झालं. उन्हात रापलेली माणसं, मागे शेत, अंगात रोजचेच कपडे. त्यांना बघून आमच्याकडच्या कितीतरी पोरांना वाटलं, हे आपल्यालाही जमेल. शहरातली मंडळी त्यांना हसली, ती गोष्ट वेगळी.

पण त्याच काळात, मार्च २०२०मध्ये, अमेरिकेतल्या 'द इंटरसेप्ट'ने टिकटॉकची अंतर्गत कागदपत्रं छापली. व्हिडिओ तपासणाऱ्यांना त्यात सूचना होत्या की दिसायला कुरूप, बेढब शरीराची, व्यंग असलेली माणसं, तसंच झोपडपट्टी किंवा पडकं घर मागे दिसणारे व्हिडिओ नव्या प्रेक्षकांच्या पुढ्यात जाऊ देऊ नयेत. कंपनीचं म्हणणं असं की या सूचना आता वापरात नाहीत. असेल तसं. पण कुणीतरी टेबलावर बसून 'कुरूप'ची व्याख्या लिहिली होती, एवढं तर सिद्ध झालं. आपल्या अंगणातला व्हिडिओ का चालला नाही याचं उत्तर पोरं स्वतःच्या नाकात आणि रंगात शोधत होती, आणि ते कदाचित अशा एखाद्या कागदावर होतं.

२९ जून २०२०ला भारताने टिकटॉक बंद केलं. दहा दिवसांच्या आत इन्स्टाग्रामने रील्स आणलं, सुरुवातीला पंधरा सेकंदांचं. अंगणातल्या नाचाला जे प्रेक्षक मिळाले होते ते एका रात्रीत गेले. नवी जागा शहरी होती, फोटोंची होती, नीटनेटकी होती. तिथे शिरायचं तर तसंच दिसायला हवं, हे कुणी सांगितलं नाही आणि सगळ्यांना कळलं.

गाण्यांचीही घडण बदलली. कडवं-धृपद अशी साडेचार मिनिटांची बैठक जाऊन पहिल्या वीस सेकंदांत हात-कमरेची एक ओळखीची हालचाल बसवणं आलं. ती हालचाल कॅमेऱ्यात उठून दिसेल असं शरीर आलं. आपल्या भागात बनणारे म्युझिक व्हिडिओ ओळीने लावून बघा. नायक बहुतेक वेळा आपल्यातला असतो. सावळा, कधी ओबडधोबड, तरी चालतो. नायिका मात्र गोरी, सडपातळ आणि पुष्कळदा बाहेरून आणलेली. तिच्या तोंडी अहिराणी असते, पण ओठांची हालचाल सांगते की तिला ती येत नाही. निर्मात्याला विचारा, तो म्हणेल, "दुसरी घेतली तर चालत नाही." त्याचंही खोटं नसेल. त्याने घातलेले पैसे त्याला परत हवे आहेत.

'चालत नाही' हे मात्र एकदा खोटं ठरलेलं आहे. २०१६च्या एप्रिलमध्ये 'सैराट' आला. अकलूजची रिंकू राजगुरू, सावळी, पाटलाची पोर म्हणून बुलेट चालवत आली आणि अख्ख्या सिनेमात तिच्या रंगाबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही. अजय-अतुलच्या गाण्यांवर महाराष्ट्र नाचला, आमच्याकडेही नाचला. दोन वर्षांनी 'धडक' आला. संगीत त्याच अजय-अतुलचं, 'झिंगाट' तेच, शब्द हिंदी. पडद्यावर जान्हवी कपूर. त्या मुलीवर राग नाही, तिने तिचं काम केलं. पण मुंबईने मराठी गाणं घेताना काय ठेवलं आणि काय गाळलं ते बघा. चाल घेतली, ढोल घेतला, चेहरा गाळला.

फोन काय करतो

फिल्टरबद्दल एक गैरसमज आहे की तो पावडरसारखा वरून लागतो. तसं नाही. फोन आधी चेहऱ्यावर अनेक ठिपके धरतो. डोळ्यांचे कोपरे, नाकपुड्या, जबड्याची कड. मग ते ठिपके इकडेतिकडे सरकवतो. म्हणजे कुणीतरी आधीच ठरवलेलं आहे की नाकपुडी कुठे असायला हवी. आपल्याकडची नाकं त्या ठरवण्यात नव्हती. पूर्वीही असंच झालं होतं. फोटोच्या फिल्मच्या जमान्यात लॅबमध्ये रंग जुळवायला कोडॅक एका गोऱ्या बाईचा नमुना फोटो पाठवायची, आणि जगभरच्या सावळ्या माणसांचे फोटो त्या बाईच्या मापाने धुतले जायचे. आजीचा लग्नातला फोटो इतका काळा का, याचं एक कारण ते आहे.

आता ते लॅबमध्ये होत नाही, हातात होतं आणि दिवसातून वीस वेळा होतं. आपल्याकडे स्वस्तातले बरेचसे फोन 'सेल्फी'च्या नावावरच विकले गेले, आणि त्यातल्या अनेकांच्या कॅमेऱ्यात चेहरा गुळगुळीत-उजळ करणारं 'ब्यूटी' बटण असतंच. काही पोरींना आपल्या फोनवर ते चालू आहे हेही माहीत नसतं. त्यांना वाटतं कॅमेरा खरं दाखवतो आणि आरसा खोटं.

कंपन्यांना हे माहीत नव्हतं असं म्हणायची सोय नाही. २०२१च्या सप्टेंबरात 'वॉल स्ट्रीट जर्नल'ने फेसबुकची अंतर्गत कागदपत्रं छापली. कंपनीच्याच संशोधनात लिहिलं होतं की ज्या किशोरवयीन मुलींना आपल्या शरीराबद्दल आधीच वाईट वाटत होतं, त्यांतल्या ३२ टक्के मुलींना इन्स्टाग्राममुळे आणखी वाईट वाटलं. जानेवारी २०२५मध्ये मेटाने बाहेरच्या लोकांनी बनवलेले फिल्टर बंद केले. स्वतःचे चालू ठेवले. आणि एक गेलं तर दुसरं ॲप आहेच.

पोरांचंही वेगळं नाही, फक्त त्याची चर्चा कमी होते. रीलमधला छातीचा घेर बघून हमालीवर जाणारा मुलगा महिन्याच्या मजुरीतून प्रोटीनचा डबा आणतो, घरी डाळ असताना.

डबी

फोनमधला रंग बोटाने मिळतो. बाहेरचा मिळवायचा तर दुकानात जावं लागतं. भाचीच्या कपाटात मला क्रीमची एक डबी सापडली. देडतलाईला लग्नाला आली तेव्हा घेतली होती, बिल नाही. खोक्यावर गोरी मुलगी, सोनेरी अक्षरं, परदेशी वाटेल असं नाव. कारखान्याचा पत्ता नाही, बॅच नंबर नाही, आत काय आहे ते नाही. तिला ती डबी कुठे दिसली होती? रीलवर, एका चालू गाण्याच्या मागे, 'आधी' आणि 'नंतर'च्या दोन फोटोंमध्ये. गाणं आपलंच होतं.

इथून धारणी, पुढे अकोट, पुढे अकोला. तुकईथडवरून जाणारी मीटरगेज गाडी होती तेव्हा आमच्याकडचे लोक दवाखान्याला अकोल्याला सहज जायचे. त्या अकोल्यातली गोष्ट जानेवारी २०२३मध्ये देशभर छापून आली. जैवतंत्रज्ञान शिकणारी वीस वर्षांची मुलगी, तिची आई आणि बहीण, तिघींच्याही किडन्यांना सूज. कारण काही केल्या सापडेना. शेवटी मुंबईच्या केईएम रुग्णालयात शोध लागला : तिघी एकच क्रीम लावत होत्या, स्थानिक ब्यूटिशियनकडून घेतलेलं. क्रीम तपासलं तर त्यात पारा, मान्य मर्यादेच्या कितीतरी पट.

पारा त्वचेत रंगद्रव्य तयार होण्याचं काम अडवतो, म्हणून रंग खरंच उजळतो. लोक फसतात ते इथेच. क्रीम 'काम करतं'. त्वचेतून पारा रक्तात जातो, किडनीची गाळणी बिघडते, लघवीतून प्रथिनं वाहून जायला लागतात. पाय सुजतात, लघवीला फेस येतो. आपल्याकडे पाय सुजले की उन्हाचं झालं म्हणतात आणि ताक पितात.

अकोल्याचं प्रकरण सुटं नव्हतं. केरळात कोट्टक्कलच्या डॉक्टरांनी २०२१ ते २०२३ या काळातले किडनीच्या एका विशिष्ट आजाराचे २२ रुग्ण तपासले. त्यातल्या १५ जणांत आजाराचा एक दुर्मिळ प्रकार निघाला आणि त्या पंधरातले १३ जण गोरं करणारी क्रीमं लावत होते. हे संशोधन 'किडनी इंटरनॅशनल' या नियतकालिकात २०२४मध्ये आलं.

पाऱ्याशिवाय दुसरा प्रकार स्टेरॉइडचा. इसब-खाजेवरचं मलम, जे चार दिवस लावायचं, ते पोरी सहा-सहा महिने चेहऱ्यावर चोळतात. सुरुवातीला तोंड उजळतं. मग लाल होतं, केस येतात, मुरुमं येतात, उन्हात जळजळतं. बंद केलं की आणखी बिघडतं, म्हणून बंद करवत नाही. २०१८मध्ये केंद्राने अशी १४ स्टेरॉइड मलमं डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकायला मनाई केली. आपल्या गावात चिठ्ठी कोण मागतं, ते आपण जाणतोच.

नियम कागदावर कडक आहेत. २०२०च्या सौंदर्यप्रसाधन नियमांनुसार अशा क्रीममध्ये चुकून आलेला पाराही दहा लाखांत एक भागापेक्षा जास्त चालत नाही. पाऱ्यावरच्या मिनामाता करारातल्या देशांनी २०२३मध्ये ठरवलं की पारा घातलेली प्रसाधनं २०२५पर्यंत पूर्ण बंद करायची. २०२०मध्येच फेअर ॲंड लव्हलीच्या नावातला 'फेअर' गेला आणि 'ग्लो' आला. त्याच वर्षी जादूई उपचारांच्या जाहिरातींविरुद्धच्या १९५४च्या कायद्यात गोरेपणाच्या जाहिरातीही घालाव्यात असा मसुदा आला होता. पाच वर्षांपर्यंत कैद, पन्नास लाखांपर्यंत दंड. मसुदा मसुदाच राहिला.

आणि सीमेवर या सगळ्याची वेगळीच गत होते. औषध निरीक्षकाची हद्द राज्य सरकार ठरवून देतं. बऱ्हाणपूरचा निरीक्षक धारणीच्या दुकानात जाऊ शकत नाही, अमरावतीचा देडतलाईत येऊ शकत नाही. गाणं मात्र जातं, रील जातं, डबी जाते. दारू आणि गुटख्यासाठी दोन्हीकडचे पोलिस कधीमधी एकत्र नाकाबंदी करतात. क्रीमसाठी दोन्ही जिल्ह्यांनी मिळून बाजारातले नमुने घेतलेत, असं माझ्या तरी ऐकिवात नाही. आठवडी बाजारातल्या पाच दुकानांतून पाच डब्या उचलून प्रयोगशाळेत पाठवायला फार मोठी यंत्रणा लागत नाही.

बारीक होण्याचं खूळ, आणि तेही इथे

रंगाबद्दल इतकं लिहिलं, पण मला जास्त काळजी दुसऱ्याच गोष्टीची वाटते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९–२१) मध्य प्रदेशात १५ ते ४९ वयाच्या ५४.७ टक्के बायकांत रक्त कमी आढळलं, महाराष्ट्रात ५४.२ टक्के. उंचीच्या मानाने वजन कमी असलेल्या बायका मध्य प्रदेशात सुमारे २३ टक्के, महाराष्ट्रात सुमारे २१ टक्के. यात मेळघाट आणि आमचा खकनार भाग कुठे बसत असेल, हे इथल्या कुणालाही आकडे न बघता सांगता येईल. मेळघाटाचं नाव देशाला माहीत झालं तेच कुपोषणामुळे.

आणि अशा मुलखात 'मी दिवसभरात काय खाते'चे रील पोचतात. शहरातली मुलगी सांगते की तिने भात सोडला, रात्रीचं जेवण सोडलं. तिच्याकडे सोडायला काहीतरी होतं. इथली मुलगी सकाळी चहा पिऊन शाळेत जाते, दुपारी भाकर, आणि तेही सोडायचं म्हणते, कारण नाचताना पोट दिसतं. पोट दिसतं कारण घागरा-चोळीच्या रीलमध्ये ज्या कमरेला हजारो लाइक पडतात तशी कंबर हवी असते. घरात रक्ताच्या गोळ्यांची पट्टी पडलेली असते, ती खायची नाही, कारण कुणीतरी सांगितलेलं असतं की गोळीने माणूस काळा पडतो. लोहाच्या गोळीने शौचाचा रंग काळा होतो, कातडीचा नाही. पण हे सांगणाऱ्या आशाताईला दोन मिनिटं मिळतात आणि रीलला दिवसभर.

शरीर सजवायची इथे पद्धत नव्हती असं नाही. कोरकू बायकांच्या कपाळावर आणि हातावर गोंदण असायचं, अजून म्हाताऱ्यांच्या असतं. गोंदण मेल्यावरही बरोबर येतं असं आपल्याकडे मानत. आता नातीला आजीच्या कपाळाची लाज वाटते आणि स्वतःच्या मनगटावर मात्र बऱ्हाणपूरहून 'टॅटू' काढून आणायचा असतो. दोन्ही सुईच, दोन्ही शाईच.

भाचीला मी क्रीम फेकून दे म्हटलं. ती म्हणाली, "मामा, लग्न जमवायला येतात तेव्हा तुम्हीच म्हणता ना, मुलगी गोरी पाहिजे." खरं आहे. मेव्हण्याच्या मुलासाठी स्थळं बघताना मी स्वतः, आमच्या समाजाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर, "गोरी, सडपातळ, शिकलेली" असं लिहिलं होतं. ते तिने वाचलं होतं. रीलचा दोष आहेच. पण रीलने शब्द आपल्याकडूनच उचलले.

आता काय चाललंय

ऑस्ट्रेलियाने १० डिसेंबर २०२५पासून सोळा वर्षांखालच्यांची सोशल मीडिया खाती बंद केली. नॉर्वेत जाहिरातीसाठी शरीराचा फोटो फिरवून घेतला असेल तर तसा शिक्का मारणं बंधनकारक आहे. आपल्याकडे २०२३च्या डिजिटल वैयक्तिक विदा कायद्यात अठरा वर्षांखालच्यांवर पाळत ठेवून जाहिराती दाखवायला बंदी आहे. नियम २०२५च्या नोव्हेंबरमध्ये निघाले आणि मुख्य तरतुदी लागू व्हायला त्यानंतर दीड वर्ष आहे. घरात एकच फोन, तो बापाच्या नावावर, आणि रात्री पोरीच्या हातात. या घरात कायदा वय कसं ओळखणार, हा प्रश्न दिल्लीत कुणाला पडला असेल असं वाटत नाही. बंदीने आपल्याकडे एक नुकसानही होईल : कोरकू गाणं ऐकायची जी एकमेव जागा त्या पोरीला आहे, तीही जाईल. म्हणून सरसकट बंदीच्या बाजूने मी नाही.

मला जास्त आशा गाणं बनवणाऱ्यांकडून आहे, कारण ते आपलेच आहेत आणि फोन उचलतात. खान्देशी, वऱ्हाडी, निमाडी, कोरकू गाणी बनवणाऱ्यांनी बोलीसाठी मुंबईची वाट बघितली नाही. नायिकेसाठी का बघतात? कोरकूत गाणारे काही जण मोबाइलवरच शूटिंग करतात, गावातल्याच मुलामुलींना घेऊन, ढोल-बासरीवर गदली सुसून नाचताना. त्यात कुणी गोरं केलेलं नसतं, मागे कौलारू घर दिसतं, मधूनच एक कोंबडी जाते. त्यांचे व्ह्यूज हजारांत असतात, कोटीत नाही. पण भाचीने असा एक व्हिडिओ पूर्ण बघितला, दोनदा, आणि मला म्हणाली, "ही तर आपल्या गावाकडची दिसते." त्या व्हिडिओतली मुलगी तिच्याच रंगाची होती.

डबी माझ्याकडे आहे. घेतली देडतलाईत, वापरली धारणीत, तीन आठवडे. या सोमवारी तिची लघवीची तपासणी करून घेतो आहोत. डबीचा फोटो आणि अर्ज बऱ्हाणपूर आणि अमरावती, दोन्हीकडच्या अन्न व औषध कार्यालयांना पाठवतो आहे. उत्तर आलं की इथेच देऊ. तुमच्या घरात अशी पत्ता नसलेली डबी असेल तर फेकण्याआधी चारही बाजूंचे फोटो काढा, दुकानाचं नाव आणि तारीख लिहून ठेवा, आणि पाय सुजत असतील तर डॉक्टरला ती डबी दाखवा.